मीटरपाशी एनआरव्ही बसवला की पाणी उलटं जायची भीती संपली का?

मृद्गंध
मंडळी, आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या एकच विषय चालू आहे म्हणून इथे विचारते. मेन लाइनचं काम निघालंय आणि पाणीपुरवठा खात्याने सांगितलंय की तुमच्याकडचं पाणी आमच्या लाइनमध्ये उलटं येता कामा नये, त्याचा बंदोबस्त करा. कमिटीतले बहुतेक जण म्हणतायत मीटरच्या पुढे एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाकू, विषय संपला. मला ते पटत नाहीये. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, मागे बाग आहे, बागेचा होसपाइप कायम खताच्या पिंपात बुडलेला असतो, आगीसाठीची वेगळी लाइन आहे आणि तीही खाली कुठेतरी याच पाण्याला जोडलेली आहे म्हणे. एका व्हॉल्व्हने हे सगळं सांभाळलं जातं का? आणि समजा जातं, तरी त्याने शहराची लाइन आमच्यापासून वाचेल, पण त्या पिंपातलं पाणी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळात यायचं कोण अडवणार? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मला मीटिंगमध्ये मुद्द्याचं बोलायचंय.

गोटीराम
मला तरी हे उगाच ताणल्यासारखं वाटतं. लाइनमध्ये प्रेशर असतं म्हणून तर पाणी नळातून बाहेर येतं, ते आत कसं जाईल? आणि गेलंच थोडंफार तर पाण्यात क्लोरीन असतोच की. इतकी वर्षं सगळे पाणी पितायत.

स्वच्छंदी
वाचतोय. चांगला विषय.

पंपहाऊस
गोटीराम, तुमचं म्हणणं प्रेशर आहे तोवर बरोबर आहे. प्रेशर कायम असतं असं धरून चालणं हीच खरी अडचण आहे. पाणीपुरवठ्याच्याच कामात आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पाणी उलटं जायचे दोन रस्ते. पहिला म्हणजे ओढलं जाणं. कुठेतरी मोठी लाइन फुटली, आग विझवायला हायड्रंट उघडले, पंप ट्रिप झाला, किंवा दुरुस्तीसाठी लाइन रिकामी केली की त्या भागातलं प्रेशर शून्याच्या खाली जातं. मग उंचावरचं पाणी खाली धावतं आणि जाता जाता जिथे कुठे तोंड उघडं असेल तिथून ओढून घेतं. होसपाइप पिंपात असेल तर पिंपातलं, टाकीची तोटी पाण्यात बुडालेली असेल तर टाकीतलं. वातावरणाचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलू शकतो, म्हणजे पिंप खाली जमिनीवर आणि नळ तीन मजले वर असला तरी ओढ लागू शकते.

दुसरा रस्ता म्हणजे ढकललं जाणं. तुमच्याकडचं प्रेशर लाइनपेक्षा जास्त झालं की पाणी तिकडे जातं. बॉयलर, बूस्टर पंप, बोअरची मोटर, उंच टाकी, यातलं काहीही लाइनला थेट जोडलेलं असलं की झालं. इथे लाइनचं प्रेशर अगदी ठणठणीत असलं तरी उपयोग नाही, पलीकडचं जास्त असलं की पुरे.

आणि जिथे पाणी ठराविक वेळच सोडतात तिथे तर लाइन रोज रिकामी होते. त्यात लोक लाइनवर थेट मोटर लावून खेचतात, मग गळक्या जोडातून आजूबाजूच्या मातीतलं, गटारातलं पाणी आत येतं. त्याला व्हॉल्व्हच लागत नाही, नुसती भेग पुरते.

नळदमयंती
पंपहाऊस यांचं पहिलं म्हणणं घरच्या घरी बघता येतं. मी विज्ञान शिकवते. दोन मजली घर असेल, वर गच्चीवर टाकी नसून पाणी थेट लाइनचं असेल, तर आतला मेन कॉक बंद करा, खालचा नळ पूर्ण उघडा, पाणी पडत असतानाच वरच्या मजल्यावरचा नळ उघडून त्याच्या तोंडाला पातळ कागदाचा ओला तुकडा लावा. कागद चटकन तोंडाला चिकटतो, मधे खोलगट होतो आणि सूं असा बारीक आवाज येतो. बोट लावलं तर बोटालाही ओढ जाणवते. एवढी ओढ तर नुसत्या एका मजल्याच्या उंचीची. त्या नळाला होसपाइप लावून तो बादलीत सोडलेला असता तर कागदाच्या जागी बादलीतलं पाणी गेलं असतं. (बादली खरोखर लावून बघू नका, ते पाणी प्यायच्या लाइनमध्ये जाईल. मुलांना दाखवायचं तर पारदर्शक नळी आणि दोन बादल्या घेऊन लाइनपासून दूर करा.)

स्वच्छंदी
नळदमयंती, आयडी अगदी विषयाला साजेसा घेतलाय :) कागदाचं आजच करून बघतो.

गोटीराम
ठीक आहे, ओढलं जातं हे मान्य. पण जाऊन जाऊन किती जाणार? शहराच्या लाखो लिटरमध्ये एक बादली. आणि क्लोरीनचं कोणीच बोललं नाही.

परीक्षानळी
क्लोरीनचं मी बोलते, पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. हा उरलेला क्लोरीन म्हणजे वाटेत चुकूनमाकून काही थोडं आत शिरलं तर त्यासाठीचा राखीव साठा. मैला किंवा खत मिसळलेलं पाणी आत आलं की त्यातलं सेंद्रिय द्रव्यच तो साठा फस्त करतं, जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. अमीबा, जिआर्डिया यांच्या कवचातल्या अवस्था एवढ्याशा क्लोरीनला दाद देत नाहीत. आणि कीटकनाशक, बॉयलरचं रसायन, अँटिफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते रसायन) यांचं क्लोरीन काहीही करत नाही. उकळूनही जात नाहीत ती. उलट उकळून पाणी कमी झालं की त्यांचं प्रमाण वाढतं.

क्लोरीनच्या भरवशाचं एक जुनं उदाहरण देते. ते पाइपातल्या बॅकफ्लोचं (उलट्या प्रवाहाचं) नाही, नदीतलं आहे, पण मुद्दा तोच. १९५५च्या डिसेंबरपासून १९५६च्या जानेवारीपर्यंत दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, २९ हजारांवर रुग्ण. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून पाणी उचलत होते तिथवर उलटं येऊन पोचलं. लक्षात आल्यावर क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे टायफॉइड वगैरे वाढले नाहीत. काविळीचा विषाणू मात्र आरपार गेला. पुढे कळलं की ती हेपटायटिस ई होती.

आणि एक बादली लाखो लिटरमध्ये मिसळत नाही हो. ती लाइनच्या एका फांदीतून सलग लोंढ्यासारखी सरकते आणि त्या फांदीवरच्या पाच-दहा घरांच्या ग्लासात जवळजवळ जशीच्या तशी पडते.

गोटीराम
ही दिल्लीची माहिती नव्हती. आणि लोंढ्याचा मुद्दा पटला.

मोडीवाचक
पाइपातल्या उलट्या प्रवाहाचीही प्रकरणं आहेत आणि ती नीट नोंदलेली आहेत. मीटिंगमध्ये सांगायला उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

शिकागो, १९३३. जागतिक प्रदर्शन भरलेलं, हॉटेलं ओसंडून वाहतायत. शेजारशेजारच्या दोन हॉटेलांमध्ये जुन्या प्लंबिंगमुळे सांडपाणी आणि प्यायचं पाणी यांचा संबंध आलेला. अमीबाची हगवण पसरली, सुमारे १४०० लोक आजारी, ९८ मृत्यू. पाहुणे आपापल्या गावी जाऊन आजारी पडले त्यामुळे मूळ कुठे आहे हे कळायलाच उशीर झाला.

दुसरं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९६९, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरचं होली क्रॉस कॉलेज. फुटबॉल संघ मैदानावर सराव करतोय, तिथल्याच नळाचं पाणी पितोय. मैदानाला पाणी घालायचे नळ जमिनीत खड्ड्यांमध्ये बसवलेले. शेजारी राहणारी मुलं तिथे खेळायची आणि त्यांच्यातल्या काहींना कावीळ होती, खड्ड्यांतलं साचलेलं पाणी त्यांच्यामुळे दूषित झालं. शहरात जवळच आग लागली, बंबांनी हायड्रंटमधून पाणी खेचलं, मैदानाच्या लाइनचं प्रेशर गेलं आणि खड्ड्यांतलं पाणी लाइनमध्ये ओढलं गेलं. तेच पुढे पिण्याच्या नळाला. काही आठवड्यांनी जवळजवळ अख्खा संघ हेपटायटिस ए-ने आडवा. दोन सामने होऊन सीझनच रद्द करावा लागला. बघा, यात कोणाची बदमाशी नाही. आग लागणं, मुलांनी खेळणं, नळ खड्ड्यात असणं, एकेक गोष्ट साधीच.

तिसरं, फिनलंडमधलं नोकिया गाव, नोव्हेंबर २००७. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन यांच्यात एक जोड होता, मधे व्हॉल्व्ह. देखभालीच्या कामात तो उघडला गेला आणि तसाच राहिला. चारशेहून जास्त घनमीटर सांडपाणी गावच्या पाण्यात गेलं, आठ हजारांवर लोक आजारी. व्हॉल्व्ह बंद ठेवू, जोड राहू दे, असं म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

फुलपाखरू
बापरे. आठ हजार!

पाना_पकड
मी वीस-बावीस वयापासून प्लंबिंगच करतोय. ताई, तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर देतो.

साधा एनआरव्ही म्हणजे एक झडप, मागे स्प्रिंग किंवा नुसतं वजन, आणि बसायला एक रबरी वायसर. नवा असताना मस्त चालतो. पण लाइनमध्ये वाळू येते, गंज येतो, टेफ्लॉनचा तुकडा अडकतो. एक कण त्या वायसरवर बसला की झडप केसभर उघडी राहते, आणि बाहेरून काही कळत नाही कारण पाणी पुढे तर व्यवस्थित जातंय. काढलेल्या जुन्या एनआरव्हीत मी बोट घालून बघतो, अर्ध्याहून जास्तींची झडप हाताला ढिली लागते नाहीतर जागेवर चिकटलेली असते. आणि तो चालतोय का बंद पडलाय हे लाइनवर असताना तपासायची सोयच त्यात नसते. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी एकटा एनआरव्ही ही राखण नव्हे.

तपासता येणारी यंत्रं वेगळी असतात. डबल चेक म्हणजे एकामागे एक दोन झडपा, दोन्ही बाजूंना कॉक आणि तपासायला चार छोटे टेस्ट कॉक. त्याच्यावरचं म्हणजे आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन). त्यातही दोन झडपा, पण मधल्या खोलीला खाली एक सांडणारं भोक. मधलं प्रेशर कायम पुरवठ्याच्या प्रेशरपेक्षा कमी राहील अशी रचना आहे, आणि दोन्हींतला फरक साधारण २ पीएसआय (दाबाचं माप) एवढाच उरला की भोक उघडतं आणि पाणी जमिनीवर सांडतं. म्हणजे झडप बिघडली तर घाण लाइनमध्ये न जाता बाहेर पडते आणि तुम्हाला दिसते.

आता लोक काय करतात. आरपीझेड ठिबकायला लागला की त्या भोकाला बूच मारतात! मी स्वतः लाकडी खुंटी ठोकलेली काढलीय. भोक बंद केलं की ते यंत्र ज्यासाठी घेतलं तेच संपलं. ठिबकतंय म्हणजे आत कण अडकलाय नाहीतर वायसर गेलाय, उघडून साफ करा.

मृद्गंध
पाना_पकड दादा, मनापासून आभार. म्हणजे आमच्याकडे मीटरपाशी आरपीझेड हवा का? आणि बागेचं, दवाखान्याचं काय?

पाना_पकड
दोन्हीकडे हवं. मीटरपाशी जे बसतं ते शहराची लाइन वाचवतं. तुमच्या बिल्डिंगच्या आत एकमेकांपासून वाचायचं तर जिथे धोका तिथेच बंदोबस्त. तुमची शंका एकदम बरोबर होती.

बागेच्या नळाला तोंडावर पेचाने बसणारा छोटा व्हॅक्यूम ब्रेकर मिळतो. ओढ लागली की तो हवा आत घेतो, मग पिंपातलं पाणी चढत नाही. पण होसपाइपच्या शेवटाला बंद होणारी पिचकारी लावून नळ कायम चालू ठेवू नका, साधा ब्रेकर सतत प्रेशरखाली राहिला की आतली चकती चिकटते. दिवसाला १२ तासांच्या वर त्याला प्रेशरखाली ठेवायचं नसतं. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, पाइप पिंपात बुडवूच नका. पिंपाच्या कडेवर आकडा लावून तोंड वर ठेवा.

परीक्षानळी
+१. पिंपात बुडलेला पाइप काढणं हे आज संध्याकाळी करता येण्यासारखं काम आहे, त्याला मीटिंग लागत नाही.

फुलपाखरू
एक शंका, बावळट वाटली तर सांभाळून घ्या. टॉयलेटमधल्या जेट स्प्रेचं काय? आमचा निसटून भांड्यात लोंबकळत असतो कधीकधी.

पाना_पकड
अजिबात बावळट नाही, हाच तर घरातला सगळ्यात वाईट जोड. युरोपच्या ईएन १७१७ नियमात पाण्याचे धोक्यानुसार पाच वर्ग केलेत आणि मैल्याचा संपर्क असलेलं पाचव्या, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वर्गात येतं. त्या वर्गाला झडपा चालतच नाहीत, मोकळी हवाच मधे लागते. स्प्रेचा पाइप इतका आखूड ठेवा की हुकातून निसटला तरी तोंड भांड्याच्या काठाच्या वरच राहील. आणि वापर झाल्यावर भिंतीतला कॉक बंद करा, नुसत्या खटक्यावर सोडू नका.

स्वच्छंदी
मोकळी हवा मधे म्हणजे?

पंपहाऊस
एअर गॅप. तोटीचं तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांच्यात उघडी जागा. पाणी त्या जागेतून खाली पडू शकतं, पण वर ओढलं गेलं तर फक्त हवा येते. नियम सोपा आहे, तोटीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि काही झालं तरी किमान २५ मिलिमीटर. बेसिनचा नळ बघा, त्याचं तोंड काठाच्या वर असतं ते याचसाठी. त्यात स्प्रिंग नाही, वायसर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. फक्त कोणी नळाला रबरी नळी लावून ती बेसिनमध्ये सोडली की गॅप गेला. लॅबमध्ये हे हमखास दिसतं.

टाकीतही तेच. बॉलकॉकचं तोंड ओव्हरफ्लो पाइपच्या वर हवं. खूप टाक्यांमध्ये पाणी भरताना आवाज नको म्हणून बॉलकॉकला नळी लावून ती तळापर्यंत सोडलेली असते. ती काढा. फ्लश टँकच्या आतला भरायचा व्हॉल्व्हसुद्धा अँटिसायफन जातीचा, म्हणजे पाणी उलटं ओढू न देणारा असतो, त्यावर एक सीएल (क्रिटिकल लेव्हल) अशी खूण असते, ती खूण ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा किमान २५ मिलिमीटर वर राहायला हवी.

मोडीवाचक
दातांच्या दवाखान्यात चूळ भरायच्या भांड्याचा नळही काठाच्या वरच असतो ना?

परीक्षानळी
हो, तो बरा. पण ड्रिलला जाणारं पाणी बारीक नळ्यांमधून जातं आणि ड्रिल थांबताना तोंडातलं थोडं मागे ओढलं जाऊ शकतं, त्यासाठी हत्यारात वेगळ्या झडपा असतात. सगळ्यात चांगलं म्हणजे खुर्चीला स्वतंत्र बाटलीचं पाणी, लाइनशी संबंधच नाही. मृद्गंध, त्यांना विचारून घ्या त्यांच्याकडे काय आहे. भांडून नको, बहुतेक डॉक्टरांना हे माहीत असतं आणि ते दाखवतात.

बॉयलरवाला
कारखान्यात बॉयलर बघतो, ढकललं जाणं याबद्दल थोडं. बॉयलरच्या पाण्यात गंज लागू नये म्हणून रसायनं टाकतात, त्यात नायट्राइटही असतं. १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेत बॉयलरचं असं पाणी गरम पाण्याच्या नळात आलं, त्या पाण्याचं सूप मुलांनी प्यायलं आणि मुलं निळी पडली. नायट्राइटमुळे रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. बॉयलरच्या भरण्याच्या लाइनवर साधा एनआरव्ही बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे आरपीझेड नाहीतर मधे टाकी आणि एअर गॅप, तिसरं काही नाही.

सोड्याच्या मशीनचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड मागे सरकून तांब्याच्या पाइपात गेला की पाणी आम्लधर्मी होतं आणि तांबं विरघळतं. लोकांना उलट्या होतात आणि दोष खाण्याला देतात.

गोटीराम
बॉयलर, सोडा मशीन वगैरे ठीक, पण आमच्यासारख्या साध्या घरात? आमच्याकडे बोअरची लाइन आणि नळाची लाइन एकाच टाकीत येते, मधे व्हॉल्व्ह आहे. यात काय धोका?

पंपहाऊस
टाकीत वरून दोन वेगळ्या तोट्या पडत असतील आणि दोन्ही ओव्हरफ्लोच्या वर असतील तर धोका नाही. दोन्ही लाइन टाकीच्या आधीच टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र केल्या असतील आणि मधे फक्त व्हॉल्व्ह असेल तर ते नोकियाच आहे, छोट्या मापाचं. बोअरची मोटर चालू झाली आणि व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर बोअरचं पाणी तुमच्या शेजाऱ्यांकडे.

उपाय असा की टी तोडून दोन तोट्या करा. ते जमत नसेल तर काढता येणारा एकच तुकडा ठेवा, जो एका वेळी एकाच लाइनला लागू शकेल. एकीला जोडायचा तर दुसरीचा काढावाच लागेल. मग कोणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही.

गोटीराम
टी आहे. आत्ता गच्चीवर जाऊन बघून आलो. तोडून घेतो.

स्वच्छंदी
गोटीराम, हा धाग्याचा पहिला विजय :)

मोडीवाचक
पुनर्वापराचं पाणी वेगळ्या पाइपातून घराघरात देणाऱ्यांनी हॉलंडचं प्रकरण बघावं. उट्रेख्तजवळ लाइड्शे राइन या नव्या वस्तीत फ्लश आणि बागेसाठी दुसरी लाइन दिली होती. २००१ मध्ये दोन लाइन चुकून जोडल्या गेल्या, लोक आजारी पडले, आणि २००३ मध्ये तिथल्या सरकारने अशा मोठ्या योजना बंदच केल्या. मला पुनर्वापर हवाच आहे, पाणी वाचायलाच पाहिजे. पण मग पाइपाचा रंग वेगळा, जोड वेगळ्या मापाचे, आणि ताबा देण्याआधी एक लाइन बंद करून प्रत्येक नळ तपासणं, हे केल्याशिवाय चालू करू नये.

फुलपाखरू
रच्याकने, आमच्या नळाला सकाळी दुधासारखं पांढरं पाणी येतं. ते हेच का?

परीक्षानळी
काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. तळापासून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा आहे, काळजी नको. खाली गाळ बसला, वास आला, फेस राहिला, रंग दिसला किंवा पाणी नेहमीपेक्षा कोमट लागलं तर पिऊ नका, कळवा आणि नमुना फेकू नका. तोच नमुना आम्हाला हवा असतो.

अंगणवेल
उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे मीटरपाशी एनआरव्ही बसवल्यापासून गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागलाय. दोनदा बदलला. संबंध आहे का काही?

बॉयलरवाला
आहे! पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. १०० लिटरच्या गीझरमध्ये दीड लिटर जास्तीचं. आधी ते गुपचूप लाइनमध्ये मागे सरकत होतं, आता झडपेने रस्ता अडवला. पाणी दाबलं जात नाही, म्हणून प्रेशर झटकन चढतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपलं काम करतो. व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही. गीझरच्या थंड बाजूला एक्स्पान्शन टँक (फुगलेलं पाणी सामावून घेणारी, आत हवा असलेली छोटी टाकी) लावून घ्या. आणि हात जोडून सांगतो, त्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका, गीझर फुटतो.

पाना_पकड
मृद्गंध ताई, हे तुमच्याही यादीत घ्या. मीटरपाशी काहीही बसवलं की बिल्डिंगमधल्या ज्यांचे गीझर थेट लाइनवर आहेत त्यांना हा त्रास होणार. आधीच सांगितलं नाही तर सगळे म्हणतील नवीन यंत्र खराब आहे, काढून टाका. असं काढून टाकलेलं मी बघितलंय.

पंपहाऊस
यंत्रामुळे प्रेशरही थोडं पडतं, आरपीझेडला साधारण अर्धा ते एक बार (हेही दाबाचंच माप). वरच्या मजल्यांचा हिशोब आधी करा, नाहीतर तक्रारी येतील आणि कोणीतरी बायपास मारेल. बायपास मारला तर तिथेही तसंच यंत्र हवं.

अवांतर होईल पण सांगतो, प्रेशर जायला लाइन फुटायचीच गरज नसते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडलं की वाहतं पाणी एकदम थांबवलं तर पाइपातून दाबाची लाट धावते. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटरने चाललेलं पाणी झटक्यात थांबलं तर ती लाट जवळजवळ १०० मीटर उंचीच्या पाण्याइतकी असते. पाणी जिथे अडवलं त्याच्या अलीकडे दाब वाढवणारी, पलीकडे ओढणारी. वीज गेली आणि पंप थांबला की काही सेकंद हेच होतं. मीटरवर दिसत नाही, गेजचा काटाही कधीकधी पकडत नाही, पण गळक्या जोडाला तेवढं पुरतं.

मृद्गंध
सगळ्यांचे खूप खूप आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी असं मांडणार आहे की आधी एक दिवस काढून सगळे जोड शोधायचे, कुठला पाइप कुठे जातो याचं चित्र काढायचं, आणि मग यंत्र ठरवायचं. होसपाइप मी आजच पिंपातून काढून कडेला अडकवला आणि माळीकाकांना कारणही सांगितलं, त्यांना लगेच पटलं. आता दोन प्रश्न उरलेत. आगीच्या लाइनचं काय करायचं? आणि मीटर जमिनीखालच्या चेंबरमध्ये आहे, आरपीझेड तिथेच बसवायचं म्हणतायत, चालेल का?

पाना_पकड
चेंबरमध्ये नाही! त्याचं सांडायचं भोक पाण्याखाली गेलं तर चेंबरमधली घाणच त्यातून आत जाऊ शकते. जमिनीच्या वर, खाली मोकळी जागा, शेजारी सांडपाण्याची जाळी, आणि माणसाला वाकून पाना लावता येईल एवढी जागा. भिंतीला चिकटवून बसवलेलं यंत्र कोणी तपासत नाही.

पंपहाऊस
आगीच्या लाइनमधलं पाणी महिनोन्महिने साचलेलं असतं, काळं आणि वासाचं. नुसतंच पाणी असेल तर सहसा डबल चेक चालतो. अँटिफ्रीझ किंवा फेसाचं रसायन असेल, किंवा बंबाला बाहेरून दुसरं पाणी ढकलायची सोय असेल तर आरपीझेड. पण तिथे प्रेशर पडलेलं परवडत नाही, म्हणून आगीची रचना करणाऱ्याकडून हिशोब करून घेतल्याशिवाय काही बसवू नका.

परीक्षानळी
आणि कमिटीच्या ठरावात वर्षातून एकदा तपासणी हे लिहून घ्या. तपासणाऱ्याचं नाव, तारीख आणि टेस्ट कॉकवर आलेलं प्रेशर, तिन्ही त्या यंत्राला टांगलेल्या पट्टीवर.

अंगणवेल
बॉयलरवाला दादा, एक्स्पान्शन टँक केवढा घ्यायचा ते कसं ठरवायचं?

बॉयलरवाला
गीझर किती लिटरचा, लाइनचं प्रेशर किती आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उघडतो, हे तीन आकडे कळवा. गेज नसेल तर प्लंबरकडून एकदा रात्री उशिरा मोजून घ्या, तेव्हा प्रेशर सगळ्यात जास्त असतं. टँकमधली हवा पाणी भरण्याआधी लाइनच्या प्रेशरइतकी करून घ्यायची, हे बसवणाऱ्याला आठवणीने सांगा.